संततिविचार व गर्भाधानकाल

अपत्यप्राप्तीची शक्यता, तिला होणारा विलंब आणि गर्भधारणेचा अनुकूल काळ यांचा जन्मपत्रिकेवरून विचार करण्याची फलज्योतिषातील पद्धत. मुंबई-ठाण्याकडे लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की पत्रिका बाहेर निघते. हल्ली ती बऱ्याचदा सोनोग्राफीच्या फायलीबरोबरच ज्योतिषाकडे जाते. ग्रहस्थितीने गर्भधारणा घडते वा अडते, हे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. पण या पद्धतीचे गणित काटेकोर आहे, त्यामुळे ते कुठे डळमळते हेही मोजून दाखवता येते.

विचार पंचमस्थानापासून, म्हणजे पत्रिकेच्या बारा स्थानांतल्या संततीच्या पाचव्या स्थानापासून, सुरू होतो. पंचमस्थान, पंचमेश (त्या स्थानातील राशीचा स्वामी) आणि पुत्रकारक, म्हणजे संततीचा निदर्शक, गुरू ही मुख्य त्रयी. जोडीला चंद्रापासूनचे पंचम, ‘पंचमाचे पंचम’ म्हणून नवमस्थान आणि सप्तांश कुंडली (प्रत्येक राशीचे सात भाग करून मांडलेली). पंचमात शनी असेल तर विलंब, मंगळ असेल तर गर्भस्रावाची भीती, राहू असेल तर सर्पशाप, असे ठोकताळे सर्रास सांगितले जातात. गुरू स्वतःच पंचमात असला तर एक ज्योतिषी ‘कारको भावनाशाय’ (कारक ग्रह आपल्याच स्थानात बसला तर ते स्थान बिघडवतो) म्हणून नकारार्थी मान हलवतो, दुसरा त्याच योगाला उत्तम म्हणतो. पत्रिका दोघांच्याही पाहाव्यात असा नियम असला, तरी व्यवहारात सुनेचीच आधी मागितली जाते.

दोघांचा स्वतंत्र विचार बीजस्फुट व क्षेत्रस्फुट यांत होतो. पुरुषाच्या पत्रिकेतील रवी, शुक्र व गुरू यांच्या मेषारंभापासूनच्या अंशांची बेरीज म्हणजे बीजस्फुट. स्त्रीच्या पत्रिकेतील चंद्र, मंगळ व गुरू यांची बेरीज म्हणजे क्षेत्रस्फुट. बेरीज 360 पेक्षा जास्त आली तर 360 वजा करतात. बीज विषम राशीत (मेषेपासून पहिली, तिसरी अशी) व विषम नवांशात (नवांश म्हणजे राशीचा नववा भाग, त्यालाही एक रास असते), क्षेत्र सम राशीत व सम नवांशात असेल तर बलवान. एकच अट जुळली तर मध्यम, म्हणजे उशिरा वा उपचाराने. उदाहरणार्थ, रवी 45°10′, शुक्र 20°30′, गुरू 255°00′, बेरीज 320°40′. ही कुंभेचे 20°40′, नवांश मेषेचा. दोन्ही विषम, म्हणून बीज उत्तम.

मेख आहे ती अयनांशात, म्हणजे राशिचक्राचा आरंभ ठरवण्यासाठी ग्रहांच्या अंशांतून वजा करतात त्या अंतरात. तीन ग्रहांची बेरीज असल्याने अयनांशातला फरक तिप्पट होतो. दाते पंचांग चित्रापक्षाचे, टिळक पंचांग रैवतपक्षाचे (चित्रा वा रेवती नक्षत्रावरून अयनांश ठरवणारे दोन पक्ष). दोहोंच्या अयनांशांत सुमारे 4 अंशांचे अंतर, म्हणजे स्फुटात 12 अंशांचे. वरच्याच पुरुषाचे बीजस्फुट टिळक पंचांगाच्या अयनांशाने मीनेच्या 2°40′ वर, कर्क नवांशात जाते. दोन्ही सम, म्हणजे बीज निर्बळ. तोच माणूस, तीच जन्मवेळ. परदेशी मोबाइल अॅपवरचे ग्रह सायन (अयनांश वजा न केलेले) असतील तर फरक सुमारे 72 अंशांवर, दोन राशींच्याही पलीकडे जातो. म्हणून स्फुटाचा निकाल ऐकण्याआधी अयनांश कोणता घेतला, हे विचारावे.

सप्तांशाची अडचण जन्मवेळेची. एक सप्तांश 4°17′ चा; लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वक्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, साधारण 4 मिनिटांत एक अंश सरकत असल्याने सप्तांश लग्न सुमारे 17 मिनिटांत बदलते. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर वेळ नसते, त्यामुळे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड शोधावे लागते, आणि ‘सव्वासहा’ ही आईची आठवण या कामाला पुरत नाही. हाताने लग्न मांडताना मुंबईसाठी प्रमाणवेळेतून 39 मिनिटे वजा करून स्थानिक वेळ घ्यायची असते. ते राहून गेले तर लग्न सुमारे दहा अंश पुढे जाते. कृष्णमूर्ती पद्धतीत वेळेवरचा भार आणखी वाढतो, कारण तिथे पंचम भावारंभाचा उपनक्षत्रस्वामी (नक्षत्राच्या पोटभागाचा स्वामी ग्रह) 2, 5, 11 या स्थानांचा कार्येश (फळ देणारा) आहे की 1, 4, 10 चा, यावर होकार-नकार ठरतो.

काळ ठरवताना आधी पंचमेशाची, गुरूची वा पंचमातील ग्रहाची दशा-अंतर्दशा (आयुष्यातला त्या ग्रहाच्या अमलाचा काळ व त्याचे पोटभाग) आणि मग गोचर (ग्रहांचे चालू भ्रमण) पाहतात. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर, शनी अडीच वर्षे. दोघांचीही दृष्टी पंचमावर वा पंचमेशावर असण्याचा काळ अनुकूल मानतात. यातून निघतो तो महिन्यांचा पट्टा. दिवस त्यातून निघत नाही.

दिवस ठरवतो तो गर्भाधानाचा मुहूर्त, सोळा संस्कारांतल्या पहिल्या संस्काराचा. ऋतुकाल, म्हणजे गर्भाधानाला योग्य मानलेला काळ, पाळीच्या पहिल्या दिवसापासून 16 रात्रींचा. त्यातल्या पहिल्या चार, अकरावी व तेरावी वर्ज्य. उरल्या दहा. शुभ नक्षत्रे अकरा : रोहिणी, मृग, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, श्रवण, धनिष्ठा, शततारका. 27 पैकी 11 म्हटल्यावर दहापैकी सरासरी चारच रात्री राहतात. सोम, बुध, गुरू, शुक्र हे वार लावले की दोन-अडीच. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या वगळल्या की त्याहून कमी. दुसरीकडे गर्भधारणेचे दिवस बीजविमोचनाआधीचे पाच आणि तो दिवस, असे सहाच असतात. 28 दिवसांच्या पाळीत ते ऋतुकालात बसतात, पण वर्ज्य अकरावी व तेरावी या दोन्ही रात्री नेमक्या त्यांतच पडतात. पाळी 35 दिवसांची असेल तर बीजविमोचन 21 व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे ऋतुकाल संपल्यावर. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या बहुतेक स्त्रियांना हा हिशेब लागू पडत नाही.

सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हे जुन्या ग्रंथांत येते. लिंग शुक्रजंतूतल्या एक्स वा वाय गुणसूत्राने ठरते, रात्रीच्या आकड्याने नव्हे. आणि लिंगनिवडीच्या उपायाची जाहिरात 1994 च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिवड व गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याने गुन्हा आहे.

मुंबईत या विषयाला आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर केलेल्या फलनाची, जोड आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आता भ्रूणरोपणासाठीही मुहूर्त विचारला जातो. स्त्रीबीजे काढण्याची वेळ मात्र हलत नाही : ट्रिगरचे (बीजे पक्व करणारे शेवटचे) इंजेक्शन दिल्यावर 34 ते 36 तासांत ती काढावी लागतात, उशीर झाला तर ती आपोआप सुटून हातची जातात. ताज्या भ्रूणाचे रोपण पाचव्या दिवशी असेल तर तोही दिवस बांधलेला. थोडी मोकळीक असते ती गोठवलेल्या भ्रूणाच्या रोपणात, तीही प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचे अस्तर रोपणासाठी तयार करणारे संप्रेरक) सुरू होण्यापूर्वी. म्हणून मुहूर्त पाहायचाच असेल तर औषधे सुरू करण्याचा महिना निवडताना पाहावा.

उपायांत संतानगोपाळ मंत्राचा जप, गुरुवारचे व्रत आणि त्र्यंबकेश्वरचा तीन दिवसांचा नारायण नागबळी हे नेहमीचे. जपाने बिघडत काही नाही, पण ‘गुरू पालटेपर्यंत थांबा’ हा सल्ला महागात पडतो. वर्षभर प्रयत्न करून, आणि स्त्रीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांच्या तपासण्या सुरू करायच्या असतात. पुरुषाची वीर्यतपासणी त्यांत सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत शेवटी होणारी. तिच्याआधी 2 ते 7 दिवसांचा संयम लागतो. चाळीस दिवसांचे ब्रह्मचर्यव्रत आटोपून लगेच नमुना दिला तर जंतूंची हालचाल कमी दिसते आणि तपासणी पुन्हा करावी लागते.