पार्श्वभूमी : ११२ ला एसएमएस आणि बटणाचा निर्णय

येत्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तयारीची चर्चा रस्ते, घाट आणि साधुग्रामावरून निघते आणि कधी ना कधी मोबाइल नेटवर्कवर येते. रामकुंडावर गर्दी झाली की फोन लागत नाही, हे कोणाही नाशिककराला सांगायला नको. मग ११२ या आपत्कालीन क्रमांकाला मेसेज केला तर चालतो का? सरकारी वर्णनात चालतो. फोन, एसएमएस, ई-मेल, अ‍ॅप असे सगळे मार्ग तिथे ओळीने दिलेले असतात. पण ही ओळ कशी तयार झाली ते पाहिलं, तर त्यात एसएमएस मागाहून चिकटवल्यासारखा का वाटतो ते कळतं.

पहिला एसएमएस डिसेंबर १९९२ चा. लंडनमधला ९९९ हा आपत्कालीन क्रमांक तर १९३७ चा. दोघांची गाठ पडायला २००९ उजाडलं. त्याआधी एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा लपून बसलेल्या काही जणांनी ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला मेसेज केले होते. ते घेणारी यंत्रणाच पलीकडे नव्हती. २००९ मध्ये आयोवातल्या ब्लॅक हॉक काउंटीने ही सोय सुरू केली आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्येही चाचणी झाली. ब्रिटनने आधी नोंदणीची अट घातली. त्यामुळे खोटे मेसेज रोखता आले, पण ज्याच्यावर आज अचानक वेळ आली आणि ज्याने नोंदणीच केलेली नाही, त्याची अडचण राहिली. अमेरिकेने नोंदणी मागितली नाही. मात्र ३० सप्टेंबर २०१३ पासून मोबाइल कंपन्यांवर एक सक्ती आली : जिथे सोय नाही तिथून कोणी ९११ ला मेसेज केला, तर 'इथे मेसेज चालत नाही, फोन करा' असं उत्तर ताबडतोब आपोआप गेलं पाहिजे. या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो, कारण मेसेज गेला या भ्रमात माणूस वाट पाहत बसत नाही.

आपल्याकडे त्याच काळात एसएमएसकडे संशयाने पाहिलं जात होतं. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्या निकालाच्या वेळी घाऊक मेसेज बंद ठेवले गेले. सप्टेंबर २०११ मध्ये जाहिरातींचा उपद्रव आवरण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा आली, ती पुढे २०० झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांविषयीच्या अफवा पसरल्या आणि मर्यादा काही दिवस थेट पाचवर आली, मग वीसवर. इतर देश ज्या साधनाला मदतीची वाट समजू लागले होते, ते आपल्या धोरणात आवर घालण्याची गोष्ट बनून राहिलं.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर एकच आपत्कालीन क्रमांक हवा ही मागणी जोरात आली. एप्रिल २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ११२ ची शिफारस केली आणि त्यात या क्रमांकावर एसएमएस घेण्याची सोयही सुचवली होती. पुढच्याच एप्रिलमध्ये, २०१६ साली, केंद्राचे नियम आले आणि सगळा प्रकाशझोत बटणावर गेला. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये पॅनिक बटण हवं : साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं.

बटणाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, हे मान्यच. त्याला अक्षरओळख लागत नाही, अंधारात चाचपडत दाबता येतं, घाबरलेल्या माणसाकडून मजकुराची अपेक्षा नसते. पण बटण दाबल्यावर लागतो तो फोनच. पलीकडून 'बोला, काय झालं?' असं विचारलं जातं. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला बोलता येत नाही, किंवा जिच्या शेजारच्याच खोलीत मारहाण करणारा बसला आहे, त्यांच्या बाजूने फक्त शांतता जाते. खिशात चुकून दाबल्या गेलेल्या बटणाचीही नेमकी हीच शांतता असते, आणि फोन घेणाऱ्याने दोन्हींतला फरक ओळखायचा असतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. मग लिहून कळवण्याच्या मार्गाला बटणाइतकंच सक्तीचं रूप का दिलं नाही?

त्याचं एक उत्तर सोपं आहे. ते नियम हँडसेट बनवणाऱ्यांसाठी होते. बटण हँडसेटमध्ये बसतं, म्हणून त्याची सक्ती कारखान्यावर करता येते. मेसेज घ्यायला मात्र नियंत्रण कक्षात माणूस, पडदा आणि भाषा लागते, आणि ते काम राज्यांचं. जे लादणं सोपं होतं ते आधी लादलं गेलं.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली होती. ११२ यायला २०२१ साल लागलं. फोन आणि मेसेज आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातात आणि तिथून जिल्ह्याकडे व गाडीतल्या पडद्यावर येतात. नाशिकचा माणूस घाईत 'गंगेवर या' असं लिहील. गोदावरीलाच आपण गंगा म्हणतो आणि गंगेवर म्हणजे रामकुंडाच्या परिसरात, हे नागपुरात बसलेल्याला कसं कळावं? त्यापेक्षा 'नाशिक, रामकुंड, दुतोंड्या मारुती' हे तीन तुकडे बरे. फोनवर तो खोदून विचारू तरी शकतो, मेसेजमध्ये पहिल्या ओळीतच ठिकाण यायला हवं. त्यातही देवनागरीचा एक एसएमएस ७० अक्षरचिन्हांत संपतो, काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. रोमनमध्ये हीच मर्यादा १६० आहे.

गर्दीत फोन लागत नसताना मेसेज जातो, हा समज बराचसा खरा आहे. एसएमएसला संभाषणाची वाहिनी अडवून ठेवावी लागत नाही, थोड्याशा जागेतून तो निघतो. पण तो आधी कंपनीच्या केंद्रात साठतो आणि मग पुढे जातो. कधी दोन सेकंदांत, कधी बऱ्याच उशिराने. २७ ऑगस्ट २००३ ला, त्या वेळच्या सिंहस्थात, नाशिकच्या सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि तिसाहून अधिक भाविक गेले, तेव्हा मोबाइलच मोजक्यांकडे होते. २०१५ च्या शाही स्नानांपर्यंत ते खिशाखिशात पोचले. आता प्रश्न फोन असण्याचा उरलेला नाही, उत्तर परत येण्याचा आहे.

यात २०२३ च्या पावसाळ्यात आणखी एक गोंधळ मिसळला. राज्यात अनेकांचे फोन अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा आला. तो एसएमएस नव्हता, सेल ब्रॉडकास्ट होता : टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम, नंबर न विचारता. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर गोदाकाठच्या लोकांना कळवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. मात्र त्याला उत्तर पाठवता येत नाही. इशारा मिळालेल्यांपैकी कोणी नदीकाठच्या भांडीबाजारात अडकला, तर त्याला ११२ वरच यावं लागेल, आणि त्याने मेसेज केला तर तो पोचल्याची पावती त्याला मिळते का, हे सिंहस्थाआधी तपासून घ्यायला हवं.