गिरिभ्रमणातील भांडी

गिरिभ्रमणातील भांडी : डोंगरात मुक्काम करताना पाठीवरच्या सॅकमधून नेता येतील अशी, कमी वजनाची आणि एकात एक बसणारी स्वयंपाकाची भांडी. एक-दोन पातेली, ताटलीचेही काम देणारे झाकण, पकड आणि आत ठेवलेली छोटी शेगडी एवढ्यात संच पुरा होतो.

अशा संचांचे मूळ सैनिकांच्या शिध्याच्या डब्यांत आणि ध्रुवीय मोहिमांत सापडते. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये काजळी न धरणारा, दाबाने पेटणारा रॉकेलचा स्टोव्ह केला. पंप मारायचा हाच ‘प्रायमस’ पुढे मराठी घरांतही ओळखीचा झाला. १९५१ मध्ये स्वीडनच्याच ट्रँगिया कंपनीने वाऱ्याला आडोसा करणारे कडे, स्पिरिटचा दिवा आणि पातेली यांची एकात एक बसणारी जुळणी आणली. आजच्या बहुतेक संचांत तीच कल्पना आहे.

या संचांतील कित्येक भांडी मुळात पाणी उकळण्यासाठी असतात : पाकिटातल्या कोरड्या अन्नावर उकळते पाणी ओतायचे आणि झाकून ठेवायचे. उंच, अरुंद, पातळ भांडे त्याला उत्तम. सह्याद्रीतल्या मुक्कामाचे जेवण मात्र बहुधा खिचडी असते. ती मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजते, फुगते, ढवळावी लागते आणि जरा दुर्लक्ष झाले की बुडाला लागते. म्हणून भांडे निवडताना वजनाआधी त्यात काय शिजणार हे ठरवावे.

धातू : ॲल्युमिनियमला जुन्या पिढीत ‘जर्मन’ म्हणतात, आणि जर्मनचे पातेले ही आजही डोंगरातली सर्वांत समजूतदार निवड आहे. त्याची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घ.सेंमी., तर स्टेनलेस पोलादाची सुमारे ८. शिवाय ते पोलादाच्या दहा पटींहून अधिक चांगली उष्णता वाहून नेते, त्यामुळे छोट्या ज्योतीची आचही बुडावर सगळीकडे पसरते. चिंच, आमसूल, टोमॅटो यांचा आंबटपणा मात्र उघड्या ॲल्युमिनियमला सोसत नाही. आमटी किंवा सार त्यात करून तासन्‌तास ठेवू नये. ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ भांड्यावर विद्युत-रासायनिक क्रियेने कठीण ऑक्साइडचा थर चढवलेला असतो, म्हणून त्यात ही अडचण फारशी येत नाही.

टायटॅनियमची घनता सुमारे ४.५, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षा जास्त. तरीही त्याची भांडी हलकी होतात, कारण धातू इतका बळकट असतो की पत्रा फार पातळ ठेवता येतो. पण उष्णता पसरवण्यात तो पोलादाच्याच पंक्तीतला. ज्योतीच्या बरोब्बर वर खिचडी करपते आणि कडेची कच्ची राहते. एकट्याने चहा, सूप किंवा शेवयांपुरता तो उत्तम. चौघांच्या खिचडीसाठी त्यावर पैसे घालवू नयेत. नॉनस्टिकचा लेप धुण्याचे पाणी वाचवतो, पण सुमारे २६० अंश से.च्या वर तो खराब होऊ लागतो. रिकामे भांडे स्टोव्हच्या झोतावर राहिले तर ती वेळ लवकर येते, आणि लाकडांच्या चुलीवर ते ठेवूच नये.

आकार : चौघांच्या खिचडीला तांदूळ-डाळ मिळून साधारण ४०० ग्रॅम आणि सुमारे दीड लिटर पाणी लागते. उतू जायला जागा हवी, म्हणून पातेले अडीच ते तीन लिटरचे घ्यावे. रुंद बुडाचे भांडे आच चांगली घेते आणि ढवळायलाही सोपे. बाहेरचे पातेले खिचडीचे, आतले एक लिटरचे चहाचे, त्याच्या आत शेगडी आणि काडेपेटी अशी रचना सोयीची पडते. २३० ग्रॅमचे गॅसचे डबडे साधारण १२ सेंमी. व्यासाच्या पातेल्यात मावते. वीसेक जणांचा गट असेल तर सरळ घरचा मोठा टोप सॅकला बांधावा. संचांची बेरीज त्याहून जड होते.

झाकणाकडे अनेकजण काणाडोळा करतात. वाऱ्यावर उघडे पातेले जळण खाते. घट्ट झाकण ठेवून, अर्धवट शिजलेले भांडे उतरवून वर्तमानपत्रात आणि जाड कपड्यात गुंडाळले, तर मूग किंवा मसूर घातलेली खिचडी आतल्या उष्णतेवर शिजून येते. वाऱ्याला आडोसा जरूर करावा, पण गॅसचे डबडे त्या कड्यात कोंडू नये. ते तापून फुटू शकते. तंबूच्या आत शेगडी पेटवू नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो.

उंची : दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९४-९५ अंशांना उकळते. तूरडाळीला थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच. ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्टच्या तळछावणीत मात्र ते ८२-८३ अंशांनाच उकळू लागते आणि डाळ शिजता शिजत नाही. म्हणून हिमालयातल्या मोहिमांच्या स्वयंपाकाच्या तंबूत प्रेशर कुकर असतोच.

चूल आणि धुणे : तीन दगडांच्या चुलीवर ठेवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा लेप द्यायची गावाकडची रीत डोंगरातही उपयोगी आहे. काजळी लेपावर बसते आणि घासताना त्याच्यासह निघते. नुसते काळे पातेले गोणपाटात बांधून न्यावे, नाहीतर सॅकमधले कपडे गेले. चूल कुठेही पेटवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही १९८६ पासून अभयारण्यात आहेत, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवण्यास मनाई करतो.

गडावरची टाकी कातळात खोदलेली, साठ्याच्या पाण्याची असतात. त्यातले एक टाके तरी पिण्याचे असते आणि उन्हाळ्यात गडावर येणाऱ्या प्रत्येकाचा आधार तेच. खरकटे भांडे त्यात बुडवणे हा अपराधच मानावा. उष्टे आधी कोरड्या राखेने पुसून काढावे, मग पाणी वेगळ्या भांड्यात काढून टाक्यापासून दूर, उताराच्या बाजूला विसळावे आणि साबण घरीच ठेवावा.