नखे, केस आणि फणी: नॉर्स धर्मातील शुचितेची पार्श्वभूमी

आइसलँडचा सरदार आणि कवी स्नोरी स्टुर्लुसन याने १२२० च्या सुमारास जुन्या नॉर्स, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या, देवकथा लिहून काढल्या. त्यांत नागल्फार नावाचे जहाज येते. ते मेलेल्या माणसांच्या नखांचे बनलेले आहे आणि रॅग्नारोकला, म्हणजे देवांच्या अखेरच्या युद्धाच्या वेळी, ते पाण्यावर सुटणार आहे. नखे न कापता कोणी मेला, तर जहाजाला तेवढे सामान आयते मिळते. म्हणून वाढलेल्या नखांनिशी कोणाला मरण येऊ नये, असे स्नोरी बजावतो.

या धर्मात अंग नीट राखण्याचा संबंध देवपूजेपेक्षा मरणाशी अधिक होता, असे मला वाटते. एका जुन्या काव्यात उपदेश आहे: सकाळीच अंग धुवावे, केस विंचरावेत, पोटभर खावे, संध्याकाळी आपण कुठे असू, याचा भरवसा नाही. उलट, अंगावरचा मळ हे व्रत होते. बाल्डर देवाचा सूड घेण्यासाठी जन्मलेल्या वालीने मारेकऱ्याला चितेवर पोचवेपर्यंत हात धुतले नाहीत, केसांना फणी लावली नाही. सगळा नॉर्वे ताब्यात येईपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही, अशी शपथ हाराल्ड राजाने घेतल्याचीही कथा आहे. शपथ पुरी झाल्यावर त्याला ‘सुकेशी’ म्हणू लागले. चाट्टी या जर्मन टोळीतले तरुण पहिला शत्रू मारेपर्यंत केस-दाढी वाढवत, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारासच नोंदवले होते.

काव्ये आणि कथा ख्रिस्ती काळात लिहिल्या गेल्या, त्यामुळे मला खरा आधार वाटतो तो जमिनीतून निघालेल्या वस्तूंचा. स्वीडनमधील बिर्का आणि इंग्लंडमधील यॉर्क इथे फण्या भरपूर सापडल्या. हरणाच्या शिंगाच्या चपट्या पट्ट्या दोन लांब पट्ट्यांमध्ये धरून खिळ्यांनी ठोकायच्या आणि मग करवतीने दात पाडायचे, असे हे काम. अशा फण्या मृतांसोबत कबरीतही ठेवत.

बाहेरच्यांची साक्ष मात्र एकमेकांशी जुळत नाही. ९२२ मध्ये बगदादहून व्होल्गाकाठी पोचलेल्या इब्न फदलानने रुस, म्हणजे पूर्वेकडे गेलेले नॉर्स, व्यापारी एकाच घंगाळातल्या पाण्याने आळीपाळीने तोंड धुताना पाहिले आणि त्यांना सर्वांत घाणेरडे ठरवले. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, शुद्ध पाणी वापरणाऱ्याला ते किळसवाणे वाटणारच. पण ते रोज धूत आणि विंचरत, हेही त्यानेच लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये जॉन ऑफ वॉलिंगफर्डच्या नावावरील बखरीत नेमकी उलटी तक्रार आहे: डेन (डेन्मार्ककडचे नॉर्स) लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, वारंवार कपडे बदलतात आणि आमच्या बायकांना भुलवतात.

इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा बाप्तिस्म्यासाठी थंड पाण्यात उतरायला अनेकांनी नकार दिला. परतीच्या वाटेवर रेक्यालाउग या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, त्यांचा बाप्तिस्मा झाला.