टायरची नक्षी पकड वाढवते? कोरड्या रस्त्यावर उलटंच

‘नक्षी जितकी खोल, तितकी पकड घट्ट’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. पण कोरड्या डांबरावर पकड देतं ते रबर. खाच म्हणजे रस्त्याला न टेकणारी जागा. शिवाय खोल खाचांमधले रबराचे ठोकळे वळणावर लचकतात, त्यामुळे स्टिअरिंगला किंचित उशिरा दाद मिळते. फॉर्म्युला वनमध्ये १९९८ ते २००८ टायरला खाचा सक्तीच्या होत्या, त्या वळणावरचा वेग कमी व्हावा म्हणून! २००९मध्ये गुळगुळीत टायर परतले.

मग गोटा झालेला टायर चालवायचा? छे. शर्यतीच्या टायरचं रबर मऊ, चिकट असतं, झिजलेल्याचं नसतं. आणि खाचांचं खरं काम पाणी बाहेर काढण्याचं. त्या उथळ झाल्या की वेगात टायरखाली पाण्याची पाचर घुसते, चाक तरंगतं, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि ब्रेक दाबून फारसा उपयोग होत नाही. मोटारीच्या टायरमध्ये खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा दिसतो ना, तो १.६ मिलिमीटरचा. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचाच. पावसात फिरणाऱ्यांनी त्याआधीच.

चिखलात मात्र जाड ठोकळ्यांची नक्षी खरोखर पकड देते, कारण ती मातीत रुतते.