हम्पबॅक देवमाशाला चराईची जागा कोण सांगतं?

हम्पबॅक देवमासा वर्षातले कित्येक महिने जवळजवळ उपाशी काढतो. हिवाळ्यात तो उष्ण कटिबंधातल्या उथळ, कोमट पाण्यात असतो. वीण तिथे होते, पिल्लंही तिथेच जन्मतात, पण पोटाला काही मिळत नाही. उन्हाळ्यात थंड समुद्रात परतायचं, क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) आणि हेरिंग, कॅपेलिन हे छोटे मासे यांवर ताव मारायचा आणि साठलेल्या चरबीवर पुढचा हिवाळा निभवायचा, असा त्याचा हिशेब. हवाईपासून अलास्का सुमारे ४,८०० किलोमीटर दूर आहे. कोस्टा रिकाजवळ हिवाळा काढणारे काही देवमासे तर अंटार्क्टिक द्वीपकल्प गाठायला ८,००० किलोमीटरांहून जास्त पोहतात.

इतक्या उपासानंतर ठिकाण चुकून चालत नाही. यात प्रश्न दोन आहेत आणि ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात: जायचं कुठे, आणि तिथवर दिशा धरायची कशी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंच पक्कं आहे. जागा आई दाखवते. जन्मतः पिल्लू चार मीटरांहून लांब आणि साधारण टनभर वजनाचं असतं. दहा-अकरा महिने ते आईच्या दुधावर वाढतं आणि त्याच काळात तिच्यासोबत चराईच्या समुद्रात जाऊन येतं. वर्षभरात दोघांची ताटातूट होते. बाप या सगळ्यात कुठेच नसतो. म्हणजे धडा एकदाच मिळतो, पण पुढे बहुतेक जण आयुष्यभर त्याच भागात परततात.

हे कळलं कसं? मुख्यतः शेपटीच्या फोटोंवरून. खोल बुडी मारण्याआधी देवमासा शेपूट पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नमुना, मागच्या कडेचे दाते, मधली खाच आणि ऑर्का या शिकारी देवमाशाच्या दातांचे समांतर ओरखडे यांवरून एकेक जनावर वेगळं ओळखता येतं. फोटो मागून आणि शेपूट जवळपास उभी असताना घ्यावा लागतो. तिरक्या फोटोत नमुना चेपतो, चकाकत्या उन्हात पांढरे डाग ओल्या कातडीच्या लखलखाटात हरवतात. खरी अडचण पिल्लांची. पहिल्या काही वर्षांत त्यांचे रंग बदलतात, त्यामुळे आईसोबत टिपलेलं पिल्लू चार वर्षांनी एकटं दिसलं तर रंगावर विसंबता येत नाही. अशा वेळी शेपटीची कड आणि पाठीवरच्या पराचा आकार जास्त कामाला येतो.

दुसरा पुरावा डीएनएचा. छोट्या पोकळ बाणाने कातडीचा लहानसा तुकडा काढतात आणि त्यातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासतात. हा भाग फक्त आईकडून येतो. उत्तर अटलांटिकमध्ये मेनचं आखात (अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ), न्यूफाउंडलंड, ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वे अशा वेगवेगळ्या ठिकाणी चरणारे देवमासे हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये, उदाहरणार्थ डॉमिनिकन रिपब्लिकजवळच्या सिल्व्हर बँक या उथळ भागात, एकत्र येतात. तिथे त्यांची सरमिसळ होते. तरीही अटलांटिकच्या पश्चिमेला आणि पूर्वेला चरणाऱ्यांत आईकडून आलेल्या या डीएनएच्या प्रकारांचं प्रमाण वेगवेगळं निघतं. प्रत्येक पिढी आईच्याच जागी परतली तरच हा फरक टिकू शकतो.

मात्र ही जागा म्हणजे शेकडो किलोमीटरांचा टापू असतो. त्याच्या आत मासे सरकतील तसे देवमासेही सरकतात आणि शिकारीची रीतही बदलतात. मेनच्या आखातात हेरिंग घटल्यावर १९८०मध्ये एका देवमाशाने आधी शेपूट पाण्यावर आपटून मग माशांभोवती बुडबुडे सोडून त्यांचं जाळं टाकायला सुरुवात केली. ही युक्ती पुढे शेकडो जणांनी उचलली.

आता दिशेचा प्रश्न. पाठीच्या पराजवळ रोवलेला उपग्रह-टॅग देवमासा वर आल्यावरच संदेश पाठवतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गळून पडतो. अशा १६ देवमाशांच्या वाटा २०११मध्ये प्रसिद्ध झाल्या. २०० किलोमीटरांहून लांबच्या टप्प्यांतही त्यांची वाट सरळ रेषेपासून बहुतेकदा १ अंशाहून कमी ढळली होती. लोक या अचूकतेने थक्क होतात, पण ठिकाण गाठायला तेवढ्या अचूकतेची गरजच नाही: ४,८०० किलोमीटरांत १ अंशाची चूक म्हणजे साधारण ८४ किलोमीटर, आणि टापू त्याहून मोठा असतो. नवलाची गोष्ट वेगळी आहे. ताशी ५ किलोमीटर पोहणाऱ्याला ताशी १ किलोमीटरचा आडवा प्रवाह लागला, तर तोंड त्याच दिशेला ठेवूनही वाट सुमारे ११ अंश ढळते. रेषा सरळ ठेवायची तर आपण किती वाहवलो हेही जाणवायला हवं. वाटेत सूर्याची जागा बदलते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा कलही बदलतो. नुसतं सूर्याकडे पाहून किंवा नुसत्या चुंबकीय होकायंत्रावर अशी रेषा निघत नाही.

आईकडून आलेली माहिती पुसलीही जाते. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर १९०४मध्ये ग्रिटव्हिकेन हे देवमाशांच्या शिकारीचं केंद्र उभं राहिलं. १९१०-११च्या एका हंगामात तिथे ६,०००हून अधिक हम्पबॅक मारले गेले आणि थोड्याच वर्षांत ते दिसेनासे झाले. शिकार थांबल्यावरही कित्येक दशकं तिथे फारसं कोणी फिरकलं नाही. जागा माहीत असलेल्या माद्याच संपल्या होत्या, हे त्याचं एक पटणारं स्पष्टीकरण. अलीकडे दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातली संख्या सुमारे ४५०वरून २५,०००च्या आसपास गेली आणि बेटाभोवती त्यांच्या श्वासाचे फवारे पुन्हा दिसू लागले.

कधी जागा बरोबर असते, पण अन्नच नसतं. २०१४ ते २०१६च्या सागरी उष्णतेच्या लाटेत उत्तर पॅसिफिकमध्ये तेच झालं. शेपटीच्या फोटोंवरून काढलेली तिथली संख्या २०१२मध्ये ३३,०००च्या वर होती. २०२१मध्ये ती २६,७००च्या आसपास उरली. कॅलिफोर्नियाजवळ थंड पाण्याचा पट्टा आक्रसून किनाऱ्याला लागला, मागोमाग अँचोव्ही हे छोटे मासे आले, त्यांच्यामागे देवमासे. तिथेच खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे उभे दोर होते आणि त्यांत अडकणाऱ्या देवमाशांची संख्या एकदम वाढली. आता तिथला खेकड्यांचा हंगाम उघडण्याआधी किनाऱ्याजवळचे देवमासे मोजतात. ते जास्त असले तर हंगाम लांबणीवर पडतो.