जपानी कोल्ड्रिंकच्या जाहिराती आणि हिट गाणी: हे प्रकरण सुरू कुठून झालं

ड्रॅगन बॉल जीटी या जपानी कार्टून मालिकेचं 'दान दान' वालं गाणं ज्यांना अजून पाठ आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, ते लिहिणारी, त्याला चाल लावणारा आणि गाणारा बँड, हे सगळे त्याच्या काही महिने आधी १९९५ च्या उन्हाळ्यात पोकारी स्वेट नावाच्या पेयाच्या जाहिरातीसाठी एकत्र आले होते. योगायोग वगैरे काही नाही, जपानमध्ये तेव्हा गाणं हिट करायचा ठरलेला रस्ताच हा होता. पण तिथपर्यंत पोचायला चाळीसेक वर्षं गेली.

जपानमध्ये खाजगी रेडिओ सुरू झाला १९५१ च्या सप्टेंबरमध्ये, आणि त्याच वर्षी संगीतकार तोरिरो मिकी यांनी एका कॅमेरा फिल्म कंपनीसाठी गाणं केलं, ते तिथलं पहिलं जाहिरातगीत मानतात. गंमत अशी की त्यात कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. नंतर मात्र गाडी उलट्या दिशेने गेली, टीव्ही आला आणि आपल्या निरमासारखं नाव डोक्यात ठोकून बसवणारे जिंगल सुरू झाले. ६० च्या दशकात कोका-कोलाने तर नावाजलेल्या गायकांकडून आपलं घोषवाक्य गाऊन घेतलं. त्याच दशकात सनटोरी ओल्ड व्हिस्कीसाठी आसेई कोबायाशी यांनी केलेली धून वेगळी होती, शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं, आणि तरी ती ऐकली की जपानी माणसाला आजही ती बाटली आठवते.

खरं वळण माझ्या मते १९७३ चं. हॅपी एंड नावाचा रॉक बँड नुकताच फुटला होता, त्यातल्या एइची ओताकीला मित्सुया साइडरचं काम मिळालं (साइडर म्हणजे दारू नाही हां, साधा गोड बिनरंगी सोडा, १८८४ पासूनचा जुना ब्रँड). 'साइडर ७३' चे शब्द होते आकिरा इतो यांचे, चाल आणि आवाज ओताकीचा, आणि त्यात जिंगलचा ठोकळेबाजपणा अजिबात नव्हता, ६० च्या दशकातल्या अमेरिकन पॉपची सगळी आवड त्याने त्या काही सेकंदात ओतली होती. मग ७४, ७५ असं करत पुढची व्हर्जन्स आली आणि १९७७ मध्ये ओताकीने आपल्या जाहिरातगीतांचा चक्क एक अल्बमच काढला. म्हणजे लोक पैसे देऊन जाहिराती विकत घेत होते! मला विचाराल तर या अख्ख्या इतिहासात यापेक्षा भारी काम परत झालं नाही, कारण यात सोडाही लपवलेला नव्हता आणि गाणंही मनापासून केलेलं होतं.

त्यानंतर कॉस्मेटिक कंपन्या मैदानात उतरल्या, शिसेइदो आणि कानेबो दर सीझनला एकमेकींवर कुरघोडी करत एकेक गाणं आणायच्या, आणि त्यातून 'इमेज साँग' हा प्रकार पक्का झाला. गाण्यात मालाचं नाव नसलं तरी चालेल, मूड जमला पाहिजे. ड्रिंकवाल्यांनी हे बघून उचललं.

१९८३ चा सनटोरी कॅन बियरचा किस्सा तर सांगायलाच हवा. जाहिरातीत कार्टून पेंग्विन, एक पेंग्विन स्टेजवर गातेय, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी, आणि गाणं इंग्लिश शब्दांचं, एकदम जॅझच्या अंगाचं. गाणारी होती सेइको मात्सुदा, त्यावेळची सगळ्यात मोठी आयडॉल (म्हणजे तरुण पॉप स्टार), पण सुरुवातीला स्क्रीनवर तिचं नावच टाकलं नव्हतं आणि आवाज तिच्या नेहमीच्या गोड गाण्यांपेक्षा इतका वेगळा की लोक विचारत सुटले ही कोण आहे म्हणून. ते गाणं, 'स्वीट मेमरीज', खरं तर ऑगस्टमध्ये आलेल्या तिच्या सिंगलच्या बी साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या दुय्यम बाजूला, पडलेलं होतं. जाहिरातीमुळे ते इतकं गाजलं की रेकॉर्ड दोन्ही बाजू ए साइड (मुख्य बाजू) धरून पुन्हा बाजारात आणली आणि ऑक्टोबरमध्ये ती परत एक नंबरला गेली. पुढे त्या पेंग्विनांवर १९८५ मध्ये सिनेमासुद्धा निघाला. बियरच्या कॅनवरून सिनेमा, कमाल आहे.

आता पोकारी. ते बनवणारी ओत्सुका ही मुळात सलाइन वगैरे बनवणारी औषध कंपनी, घामातून जातं ते पाणी आणि क्षार भरून काढणारं 'पिता येईल असं सलाइन' या कल्पनेतून १९८० मध्ये हे ड्रिंक आलं. चव तशी फिकटच, त्यामुळे विकायचं काय तर निळं आकाश, घाम, शाळकरी वय आणि उन्हाळा. १९९२ मध्ये संगीतकार तेत्सुरो ओदाने स्वतः गायलेलं गाणं त्यांनी वापरलं, ते मुळात त्याच्या अकाली गेलेल्या मोठ्या भावासाठी केलेलं, पण त्या निळ्या फ्रेम्सवर असं बसलं की तुफान खपलं. मग लाइनच लागली. १९९३ ला झार्ड या बँडचं 'युरेरु ओमोइ', १९९४ ला डीन, १९९५ ला फील्ड ऑफ व्ह्यू (तोच ड्रॅगन बॉलवाला बँड), १९९६ ला परत झार्ड. पाचही वर्षं चाल ओदाचीच, आणि ९३ पासूनचे शब्द झार्डची गायिका इझुमी साकाई हिचे. गाणारे बदलत होते, स्वयंपाकघर तेच.

यामागे बीइंग नावाची म्युझिक कंपनी होती आणि तिचं गणित सरळ होतं, कलाकारांना टीव्हीवर फार मिरवायचं नाही, गाणं जाहिरातीतून आणि सिरियलमधून घरात घुसवायचं. साकाई १९९३ च्या सुरुवातीनंतर टीव्हीच्या म्युझिक शोमध्ये दिसलीच नाही, तरी त्याच वर्षी तिचा 'युरेरु ओमोइ' अल्बम जपानमधला वर्षातला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. जाहिरात १५ सेकंदाची, म्हणून गाण्याची रचनाही तशी, 'युरेरु ओमोइ' ला कडवं नंतर येतं, आधी थेट ध्रुवपदच कानावर आदळतं. कलाकाराचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात, ते वाचून पोरं दुसऱ्या दिवशी सीडीच्या दुकानात. ड्रिंक कंपनीला ताजं गाणं मिळायचं, रेकॉर्ड कंपनीला फुकटची प्रसिद्धी, दोघांचं भलं. १९९९ मध्ये किरीनने फायर या कॅन कॉफीसाठी थेट स्टीव्ही वंडरकडून गाणं घेतलं आणि गाण्याच्या नावातच 'फायर' बसवलं, म्हणजे फिरून जिंगलच की!

सीडीचा बाजार आटल्यावर वारं बदललं, नव्या गाण्याऐवजी सगळ्यांना आधीच माहीत असलेली जुनी गाणी आली. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर सनटोरीने आपल्या जाहिरातींमधल्या ७१ जणांकडून गायक क्यू साकामोतोची दोन जुनी गाणी एकेक ओळ करून गाऊन घेतली, मालाची जाहिरात अशी काहीच नाही. २०१६ च्या हिवाळ्यात किरीनच्या 'गोगो नो कोचा' चहासाठी अभिनेत्री मोका कामिशिराइशी कुमामोतोमधल्या मिहाराशिदाइ या इवल्याशा स्टेशनवर स्पिट्झ या बँडचं 'काएदे' गायली. त्याच वर्षी एप्रिलच्या भूकंपाने ती रेल्वे लाइन तुटली होती, जेमतेम एका तुकड्यावर गाडी चालत होती, आणि तरी लोक खास ते स्टेशन बघायला जायला लागले. पूर्ण लाइन सुरू व्हायला २०२३ चा जुलै उजाडला.

पोकारीने मात्र नवीन गाण्यांचा नाद सोडला नाही. २०२१ च्या जाहिरातीत ए-ओ नावाच्या अनोळखी जोडीचं गाणं वाजलं, आणि ही जोडी म्हणजे बिश या गर्ल ग्रुपची आइना द एंड आणि द बावडीज या रॉक बँडचा रॉय हे कळेपर्यंत लोकांनी नेटवर तर्क लढवून घेतले. पेंग्विनवाली युक्ती, ३८ वर्षांनी, आणि चालली पण.