एअरसॉफ्ट अपग्रेड

एअरसॉफ्ट अपग्रेड : खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी, पण हवेच्या किंवा वायूच्या दाबाने 6 मिमी. व्यासाचे प्लास्टिकचे छर्रे सोडणारी प्रतिकृती उघडायची, तिचे आतले भाग बदलायचे, घासून-पुसून एकमेकांशी जुळवायचे आणि मग ती घेऊन मैदानात खेळायला उतरायचे, असा हा छंद. या छर्ऱ्यांना सगळीकडे ‘बीबी’ म्हणतात. छंदाचे मूळ जपानमध्ये आहे आणि त्याची खरी रीतही तिथेच पाहायला मिळते. नवख्या माणसाला अपग्रेड म्हणजे बंदुकीची ताकद वाढवणे वाटते. जपानमध्ये तो मार्ग कायद्याने बंद आहे, आणि तो बंद झाल्यामुळेच तिथल्या छंदिष्टांचे लक्ष हवेची गळती, रबराचा पोत आणि दात्यांची बसणी अशा बारकाव्यांकडे वळले.

उगम : दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सामान्य नागरिकाला बंदूक मिळणे जवळजवळ अशक्य झाले. बंदुकांचे आकर्षण मात्र राहिले आणि त्यातून धातूच्या हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे ‘मॉडेल गन’, बाजारात आल्या. त्यांचा गैरवापर होऊ लागल्यावर 1971 मध्ये कायदा बदलला. धातूच्या प्रतिकृती पिस्तुलाची नळी बुजवलेली हवी आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा, असे ठरले. 1977 मध्ये नियम आणखी कडक झाले. धातूवरच्या या निर्बंधांमुळे उत्पादक प्लास्टिककडे वळले, आणि प्लास्टिकच्या बंदुकीतून प्लास्टिकचाच हलका छर्रा उडवायची कल्पना रुजली. 1980 च्या दशकात एकामागून एक छर्रे सोडणाऱ्या वायूच्या बंदुका होत्या, पण त्यांना नळीने जोडलेली वायूची टाकी पाठीवर बांधून खेळाडूला झाडीतून फिरावे लागे. 1991 मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने फ्रेंच फामास रायफलीची विजेवर चालणारी प्रतिकृती आणली आणि टाकीचे ओझे उतरले. बॅटरी आणि मोटर दोन्ही बंदुकीच्या पोटात बसली. आज जगभर बनणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट बंदुका याच रचनेच्या वंशातल्या आहेत. त्यामुळे एका कंपनीचा दट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या बंदुकीत बऱ्याचदा बसतो. सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार उभा राहिला तो यामुळेच.

आतली यंत्रणा : सगळा खेळ गिअरबॉक्समध्ये आहे. चाप ओढला की मोटर फिरते. तिच्या टोकाचे लहान दातेरी चाक ओळीने तीन चाके फिरवते. यातल्या तिसऱ्या चाकाला, म्हणजे सेक्टर गिअरला, परिघाच्या काही भागावरच दाते असतात. ते दाते दट्ट्याच्या दात्यांत अडकून त्याला मागे खेचतात आणि स्प्रिंग दाबली जाते. त्याच वेळी एक पातळ पट्टी पुढची तोटी मागे ओढते, मॅगझिनमधून एक छर्रा वर येतो आणि तोटी पुढे जाऊन त्याला रबरी बैठकीत बसवते. सेक्टर गिअरचा बिनदात्यांचा भाग आला की दट्ट्या सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि सिलिंडरमधली हवा छर्ऱ्यामागून नळीत घुसते. हे चक्र सेकंदाला पंधराएक वेळा घडते. सायकलचा हातपंप आठवला तर हे चटकन समजते. इथे पंपाचा दांडा हाताऐवजी स्प्रिंग ढकलते, एवढाच फरक.

गिअरबॉक्सच्या आकारांना ‘व्हर्जन’ क्रमांक आहेत. एम-4, एमपी-5 या बंदुकांच्या घराण्यात व्हर्जन 2 असतो, तर एके घराण्यात व्हर्जन 3. व्हर्जन 2 चे दुखणे प्रसिद्ध आहे. दट्ट्या जिथे येऊन आदळतो त्या पुढच्या खिडकीच्या काटकोनी कोपऱ्याला कालांतराने तडा जातो. म्हणून जाणकार तो कोपरा कानसने गोलसर करून घेतात आणि दट्ट्याचा ठोका झेलायला मऊ रबराची चकती चिकटवतात.

शक्तीची मर्यादा : 2005 मध्ये जपानमध्ये ताकद वाढवलेल्या एअर गनमधून धावत्या मोटारींवर छर्रे मारण्याचे प्रकार घडले आणि मोठा गाजावाजा झाला. 2006 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहा महिन्यांच्या मुदतीनंतर, फेब्रुवारी 2007 पासून, तिची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. छर्ऱ्याची ऊर्जा त्याच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला 3.5 जूल किंवा त्याहून जास्त भरली तर ती बंदूक खेळणे राहत नाही आणि जवळ बाळगणेही गुन्हा ठरतो. 6 मिमी. छर्ऱ्यासाठी ही मर्यादा सुमारे 0.98 जूल येते. 0.20 ग्रॅम वजनाच्या छर्ऱ्याला त्यासाठी सेकंदाला 99 मीटर वेग पुरतो. 0.25 ग्रॅमच्या छर्ऱ्याला सुमारे 88 मीटरच पुरतात, म्हणून वेगाचा आकडा छर्ऱ्याच्या वजनाशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

इतर देशांत आकडे वेगळे आहेत. हाँगकाँगमध्ये मर्यादा 2 जूल आहे. ब्रिटनमध्ये 2017 च्या कायद्याने सलग छर्रे सोडणाऱ्या बंदुकीला 1.3 जूल आणि एकेरीला 2.5 जूल ठरवून दिले. हुबेहूब दिसणारी प्रतिकृती तिथे 2006 च्या कायद्यानुसार कोणालाही सरसकट विकता येत नाही. अमेरिकेत मुख्य कटाक्ष दिसण्यावर आहे आणि प्रतिकृतीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी रंग लागतो.

हवाबंदपणा : चांगला कारागीर अपग्रेडची सुरुवात इथूनच करतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलायचा, पुढच्या तोटीवर बोट दाबून धरायचे आणि हवा कुठून निसटते ते पाहायचे. दट्ट्याच्या डोक्यावरची रबरी रिंग सैल आहे का, सिलिंडरच्या झाकणाची रिंग नीट बसली आहे का, तोटी आणि रबरी बैठक यांच्यात फट राहते का, हे एकेक करून तपासतात. या चाचणीला पैसा लागत नाही. पण ती न करता नवी महागडी नळी घेणारे बरेच असतात, आणि मग फरक पडत नाही म्हणून नळीलाच दोष देतात.

इथे एक गमतीदार गोष्ट घडते. गळती थांबली की तीच स्प्रिंग जास्त ऊर्जा देऊ लागते. जपानी मर्यादेच्या काठावर असलेली बंदूक चांगल्या दुरुस्तीमुळे बेकायदा ठरू शकते. म्हणून तिथले लोक स्प्रिंगचे एखाद-अर्धे वेटोळे कापतात, टोक घासून सपाट करतात, पुन्हा बसवतात आणि वेगमापकावर तपासतात. स्प्रिंगवर एम-90, एम-100 असे आकडे असतात. 0.20 ग्रॅमच्या छर्ऱ्याला ती साधारण किती मीटर वेग देईल याची ती खूण. तेवढ्यावर विसंबून चालत नाही. वेगमापक जवळ नसेल तर गिअरबॉक्स उघडूच नये, हे मत इथे ठामपणे नोंदवायला हवे.

नळी आणि हॉप-अप : तोक्यो मारुईच्या मूळ नळीचा आतला व्यास सुमारे 6.08 मिमी., तर छर्ऱ्याचा व्यास सुमारे 5.95 मिमी. असतो. 6.03 किंवा 6.01 मिमी.च्या अरुंद नळ्या मिळतात. त्यांत छर्ऱ्याभोवतालची हवा कमी वाया जाते. मात्र नळी जितकी अरुंद तितका कचरा जास्त बाधतो आणि छर्रे हलक्या प्रतीचे असले तर ते अडकतात. अरुंद नळीपेक्षा आतून गुळगुळीत आणि स्वच्छ नळी जास्त कामाची. चिंधी गुंडाळलेली सळई फिरवून नळी पुसणे हे सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

या छंदाचा गाभा मात्र हॉप-अपमध्ये आहे. नळीच्या मागच्या टोकाशी, वरच्या बाजूने, एक रबरी उंचवटा छर्ऱ्याला किंचित दाबतो. हवा त्याला पुढे ढकलते तेव्हा वरचा भाग अडखळतो आणि छर्रा उलटी फिरकी घेऊन बाहेर पडतो. टेबल टेनिसमध्ये चॉप मारलेला चेंडू तरंगत येतो तसाच हा छर्राही तरंगतो. फिरत्या गोलाला हवा बाजूला ढकलते, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यांनी 1852 मध्ये दाखवले. तो परिणाम इथे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वापरला जातो. फिरकीशिवाय लवकर जमिनीकडे झुकणारा छर्रा यामुळे एक जूलपेक्षा कमी ऊर्जेतही चाळीस-पन्नास मीटर बऱ्यापैकी सरळ जातो. दाब जास्त झाला तर छर्रा शेवटी आकाशाकडे वळतो, कमी झाला तर खाली पडतो.

म्हणून सगळी खटपट त्या रबरावर चालते. रबराचा कडकपणा 50, 60, 70 अशा अंशांत मोजतात. मंद स्प्रिंगला मऊ रबर मानवते. उंचवटा एका टोकदार बिंदूऐवजी रुंद सपाट भागावर टेकवला तर पकड लांबवर राहते आणि जड छर्ऱ्यालाही पुरेशी फिरकी मिळते. हा उंचवटा मध्यरेषेपासून जरा ढळला तरी सगळे छर्रे डावीकडे किंवा उजवीकडे वळतात. रबरावर तेल उडाले तर ते घसरते आणि फिरकी नाहीशी होते. म्हणून नळीत तेल सोडणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक. जड छर्रा वाऱ्याला कमी दाद देतो. त्यामुळे 0.20 ग्रॅमवरून 0.25 किंवा 0.28 ग्रॅमवर जाणे हाच पुष्कळांना पहिला उपयोगी बदल वाटतो.

दाते, मोटर, बॅटरी : चाकांच्या आसांवर 0.1 ते 0.3 मिमी. जाडीच्या चकत्या घालून ती एकमेकांशी बरोबर भिडवणे याला ‘शिमिंग’ म्हणतात. चाके डगमगायला नकोत आणि घासायलाही नकोत. हे काम कानाने होते. नीट जमले की मोटरचा कर्कश आवाज जाऊन सलग, गोल घुमणारा आवाज येतो. तो पहिल्यांदा ऐकण्यासाठी माणसे गिअरबॉक्स दहादा खोलतात. उघडण्याआधी चाकांना उलटे फिरू न देणारी कळ सोडवून स्प्रिंग सैल करावी लागते. नाहीतर दाबलेली स्प्रिंग झटक्यात सुटून आतले भाग उडतात.

वेग वाढवण्याच्या नादात घडणारा घातही सांगितला पाहिजे. चाके इतकी जलद फिरू लागतात की दट्ट्या पुढे पोहोचण्याआधीच सेक्टर गिअरचे दाते परत येऊन त्याला धडकतात. दट्ट्याचे दाते साफ उडतात. उपाय म्हणजे हलका दट्ट्या आणि संयम. जुन्या बंदुका 8.4 व्होल्टच्या निकेल बॅटरीसाठी बनल्या होत्या. आता 7.4 व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी रूढ आहे. ती एकाएकी जास्त प्रवाह देते, त्यामुळे चापाच्या आतल्या संपर्कपट्ट्यांवर ठिणग्या पडून त्या जळतात. प्रवाहाचे ओझे मॉस्फेट या अर्धवाहक भागावर टाकले की पट्ट्या वाचतात. लिथियम बॅटरीचा एक घट 4.2 व्होल्टपेक्षा जास्त भरू नये आणि 3 व्होल्टखाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरायचीच नाही.

वायूवर चालणाऱ्या बंदुकांत वरचा भाग, म्हणजे स्लाइड, खऱ्यासारखा मागे-पुढे होतो आणि त्याचे वेड असणारे वेगळेच. जपानमध्ये त्यांत एचएफसी-134ए वायू भरतात. परदेशात चालणारा प्रोपेनचा वायू जास्त दाबाचा असल्याने जपानी प्लास्टिकच्या स्लाइडला तडे जातात. थंडीत दाब उतरतो आणि बंदूक मंदावते, म्हणून हिवाळ्यात विजेच्या बंदुकांची चलती असते.

खेळ : जपानमध्ये या खेळाला ‘सर्व्हायव्हल गेम’, बोलीत ‘साबागे’, म्हणतात. तोक्योजवळच्या चिबा प्रांतात झाडीत आखलेली पुष्कळ मैदाने आहेत. सकाळी प्रत्येकाची बंदूक वेगमापकावर तपासली जाते आणि मगच आत सोडतात. मैदानात विघटनशील छर्रेच चालतात, कारण पडलेले छर्रे वेचणे अशक्य. दोन संघ असतात आणि समोरच्याचा झेंडा गाठायचा असतो. छर्रा लागला की स्वतःच मोठ्याने ‘हिट’ म्हणून हात वर करायचा आणि बाहेर पडायचे. रंग उडत नसल्याने पेंटबॉलसारखी खूण राहत नाही. सगळा खेळ खेळाडूच्या शब्दावर चालतो. लागूनही न सांगणाऱ्याला तिथे ‘झॉम्बी’, म्हणजे मेल्यावरही चालत राहणारे प्रेत, म्हणतात आणि त्याची किंमत जाते.

डोळ्यांचा चष्मा पूर्ण बंदिस्त लागतो. एक जूलखालचा छर्राही डोळा घालवू शकतो. म्हणून विश्रांतीच्या जागेत शिरताना मॅगझिन काढायचे, सुरक्षित दिशेला एक रिकामा बार सोडून नळीत छर्रा उरला नाही याची खात्री करायची, सुरक्षा कळ लावायची आणि नळीच्या तोंडावर टोपण चढवायचे, हा क्रम कोणी चुकवत नाही. चष्मा मैदानाच्या हद्दीत काढायचा नाही, अगदी वाफेने काही दिसेनासे झाले तरी. मैदानाबाहेर बंदूक पेटीत बंद राहते. रेल्वेने येणारे लोक ती गिटारच्या किंवा साध्या लांबट पिशवीत घालून आणतात. रस्त्यावरच्या माणसाला ती खेळण्याची आहे हे कळायचा मार्ग नसतो आणि पोलिसालाही नसतो.